पांझरेचे फड

सह्याद्रीत उगम पावलेली पांझरा साक्री, धुळे करत तापीला मिळते. घाटमाथ्याजवळ पाऊस भरपूर, पण धुळ्याकडे येईतो त्याचा जोर ओसरतो. या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी भरवसा टाकला तो नदीवर. पांझरा, कान आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली मोसम यांच्या पात्रांत तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून दगड-चुन्याचे बंधारे उभे राहिले. पाया उघड्या कातळावर. एका बंधाऱ्याखाली भिजलेल्या रानातून झिरपलेले पाणी पुन्हा नदीत उतरे आणि खालचा बंधारा ते उचली.

खरी करामत मात्र बंधाऱ्याच्या पुढे होती. पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक: यंदा ऊस, पुढे गहू किंवा बाजरी. बहुतेकांची शेते प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक टाकावा लागला तरी झळ सगळ्यांनाच बसे. टंचाई वाटून घेण्याची इतकी साधी आणि न्याय्य रीत क्वचितच सापडेल.

आपल्या शेताला पाणी शेतकरी स्वतः देत नसे. ते काम पाटकऱ्याचे. खांद्यावर फावडे टाकून तो रात्री-अपरात्री बांधावरून फिरे, चिखल-गवताचा बोळा काढून बारे मोकळे करी, वाफा भरला की पुन्हा तो दाबून बसवी. शेत पाटलाचे की अल्पभूधारकाचे, हे त्याने पाहायचे नसे. उभ्या पिकाची राखण जागल्याकडे, तर साऱ्यांवर देखरेख हवालदाराची. मोबदला बहुतेक धान्यात. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला गाव एकत्र येई.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी धुळे भागात पांझरेच्या एका कालव्यावर नळाचा सायफन बांधला. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पिकांच्या फेरपालटावर बेतलेली गट पद्धत आणली. फडाशी तिचे साम्य डोळ्यांत भरते.

नंतर वरच्या अंगाला धरणे झाली, पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव. विहिरींवर मोटारी बसल्या आणि ज्याचे पाणी त्याच्या हाती आले. पाटकऱ्याची वाट पाहायचे कारण उरले नाही. एकाच फडात कोणी ऊस लावला, कोणी कांदा. विहिरींनी भूजल खाली नेले, तशी उन्हाळ्यातली नदीची धारही आटली. कित्येक जुने बंधारे कातळाला धरून अजून उभे आहेत. त्यांच्या बगलेतून निघणाऱ्या पाटांत मात्र ठिकठिकाणी गाळ साचून वर बाभळी माजल्या आहेत.