एक लिव्हर, दोन चाकं: सायकल थांबवण्याची गोष्ट

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

सायकल चालवत चालवत ऐकत असाल तर आधी कडेला घ्या, एक पाय खाली टेका आणि मग ऐका. कारण आजचा भाग थांबण्यावरच आहे.

लातूरची गंजगोलाई डोळ्यांसमोर आणा. १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला हा गोल बाजार. चारी बाजूंनी येणारे सोळा रस्ते इथे मिळतात. आता त्या गर्दीत एक सायकलवाला बघा. उजव्या हाताला पिशवी लटकलेली, मागे कॅरिअरवर पोरगं. समोरून रिक्षा अचानक वळली. हा माणूस कोणता ब्रेक दाबेल?

पुस्तकातलं उत्तर आहे, दोन्ही. खरं उत्तर आहे, जो हात मोकळा असेल त्या हाताचा.

आणि इथूनच आपली गोष्ट सुरू होते. सायकलला ब्रेक दोन असतात, पण चालवणारा बहुतेक वेळा एकच वापरतो. मग एकाच लिव्हरने दोन्ही चाकं थांबली तर? ऐकायला किती सोपं वाटतं ना! पण या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर जगभरची डोकी शंभर वर्षं खपलीत.

पुढच्या ब्रेकची भीती कुठून आली?

"पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील." हे वाक्य तुम्ही लहानपणी ऐकलंच असेल. नांदेड असो, लातूर असो, सायकल शिकवणारा प्रत्येक काका, मामा, दादा हेच सांगतो. ही भीती उगाच नाही. तिचं मूळ फार जुनं आहे.

१८७०-८० च्या दशकात इंग्लंडमध्ये जी सायकल होती, तिचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि मागचं अगदी चिमुकलं. बसणारा जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसायचा. ब्रेक म्हणजे चमच्यासारखा लोखंडी तुकडा, जो पुढच्या चाकाच्या रबरावर दाबला जायचा. जोरात दाबला की चाक थांबायचं, माणूस मात्र थांबायचा नाही. तो हँडलवरून थेट रस्त्यावर.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो ती. १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला. आता टायरवर लोखंड घासून चालणार नव्हतं, टायर फाटला असता. म्हणून ब्रेक टायरवरून रिमवर गेला. मग फ्रीव्हील आलं, म्हणजे पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहणार. पूर्वी पायाने पायडल रोखून वेग कमी करता यायचा, ती सोय गेली. त्यामुळे मागच्या चाकालाही ब्रेक लागला. असे झाले दोन चाकांचे दोन ब्रेक आणि दोन लिव्हर.

सायकलचा आकार बदलला, पण पुढच्या ब्रेकची भीती तशीच राहिली.

मराठवाड्यातली सायकल

आपल्याकडे नांदेडला १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मार्गाची रेल्वे आली. लातूरला १९११ मध्ये बार्शीकडून नॅरोगेज पोचली. पण स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय? पुढे पाय, बैलगाडी आणि हळूहळू सायकल. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. त्यानंतरच्या काळात देशात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हिरो सायकल्स १९५६ मध्ये. शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाला, सगळ्यांची तीच काळी, उंच सायकल.

तिचे ब्रेक आठवतात? तार नाही, सळया. हँडलखालून सळई खाली जाते, लिव्हर ओढला की ब्रेकचे रबर वर उचलले जातात आणि रिमला आतून टेकतात. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्या हाताला मागचा. ही इंग्रजी पद्धत. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना आजही हीच आहे.

आता त्या उंच सायकलवर पोरं शिकायची कशी? हाफ पायडल! सायकलच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, उजवा पाय नळीखालून पलीकडे घालायचा, डाव्या हाताने हँडल धरायचं आणि उजव्या हाताने नळी नाहीतर सीट. बघा बरं, कोणता ब्रेक हाताशी राहिला? फक्त डावा. म्हणजे फक्त मागचा. पिढ्यान् पिढ्या आपले हात मागच्याच ब्रेकवर शिकलेत, हे असं.

पुढे पुढे पुढच्या ब्रेकची सळई सैल झाली तरी कुणी कसत नाही. रबर झिजले तरी कुणी बदलत नाही. "मागचा लागतोय की!" झालं.

मागचा ब्रेक कमी का पडतो?

थोडं गणित सांगतो, घाबरू नका. ब्रेक लागला की शरीराचं वजन पुढे झुकतं. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे जातो, तसंच. मग पुढच्या चाकावर भार वाढतो, मागचं हलकं होतं. हलकं चाक रस्त्याला नीट धरत नाही, लगेच घसरतं.

कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि ताशी २० किलोमीटर वेग धरला, तर फक्त मागच्या ब्रेकने सायकल थांबायला साधारण ६ मीटर लागतात. पुढचा ब्रेकही नीट वापरला तर साधारण ३ मीटर. मधले ३ मीटर म्हणजे काय? एका रिक्षाची लांबी. वाचणं आणि आदळणं यातला फरक तेवढाच असतो. स्टीलची रिम पावसात ओली झाली की ब्रेक आणखीच कमी लागतो. आणि उतार असेल तर विचारूच नका. कंधार, मुखेड, अहमदपूर हा सगळा बालाघाटचा पट्टा. तिथे उतार रोजचाच.

जू आणि बैल

आता एका लिव्हरकडे येऊ. पहिला विचार असा सुचतो की एका लिव्हरला दोन तारा बांधा, एक पुढे, एक मागे. काम झालं! नाही झालं. एक तार जरा जास्त ताणलेली असेल तर एकच ब्रेक लागतो, दुसरा नुसता बघत बसतो.

याचं उत्तर तुमच्या आजोबांना माहीत होतं. बैलगाडीचं जू. आडवं लाकूड, मधोमध गाडीला बांधलेलं, दोन टोकांना दोन बैल. दोघांवर ओढ सारखी वाटली जाते. एक बैल अशक्त असेल तर बांधायची जागा मधून जरा सरकवायची. ज्याच्या बाजूचा भाग लांब, त्याच्यावर ओढ कमी. ब्रेकमध्ये हेच छोटंसं 'जू' बसवतात. लिव्हर मधून ओढतो, टोकांना दोन तारा. जागा थोडी सरकवली की कुठल्या चाकाला किती जोर जाईल ते ठरवता येतं.

पण एक बैल सुटला तर? जू गर्रकन फिरतं आणि दुसऱ्या बैलाची ओढसुद्धा वाया जाते. ब्रेकमध्येही तसंच. एक तार तुटली की ते जू कलंडतं आणि दुसरा ब्रेकही ढिला पडतो. दोन ब्रेक होते, एका तारेने दोन्ही गेले! म्हणून जूला अडवणी लागते, म्हणजे ते ठरावीक कोनापलीकडे फिरणारच नाही. शिवाय बोटांचा जोर तेवढाच, तो आता दोन ठिकाणी वाटायचाय. लिव्हर जास्त घट्ट दाबावा लागतो किंवा जास्त लांब ओढावा लागतो. लहान मुलांच्या हाताला हे जड जातं.

म्हणजे एका लिव्हरमध्ये खरे प्रश्न तीन: जोर कसा वाटायचा, हाताला झेपेल कसा, आणि काही तुटलं तर काय.

रज ते ॲक्टिव्हा

या प्रश्नांना आधी भिडल्या मोटारसायकली. रज-व्हिटवर्थ ही कॉव्हेंट्रीची कंपनी, मुळात सायकली बनवणारी. १९२० च्या दशकात तिने आपल्या मोटारसायकलला पायाचा एक पेडल दिला, जो दोन्ही चाकांचे ब्रेक लावायचा. पुढे १९७० च्या दशकात इटलीच्या मोटो गुझीने आणि १९८० च्या दशकात होंडाने मोठ्या गाड्यांना जोडब्रेक दिले.

आणि मग ही गोष्ट आपल्या दारात आली. २००९ मध्ये होंडाने ॲक्टिव्हाला 'कॉम्बी ब्रेक' दिला. डावा लिव्हर दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. आत बसलंय तेच, छोटं जू. सरकारने तर नियमच केला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे आज गंजगोलाईत फिरणाऱ्या कित्येक स्कूटींमध्ये एक लिव्हर, दोन चाकं हे रोज चालू आहे. चालवणाऱ्याला पत्ताही नाही.

पण एक गोष्ट नीट बघा. ॲक्टिव्हाचा उजवा लिव्हर कुणी काढून टाकलेला नाही. तो फक्त पुढच्या ब्रेकचा, वेगळा, स्वतंत्र. ब्रिटनमधला सायकलींसाठीचा १९८३ चा नियमही तेच सांगतो: ब्रेकच्या दोन व्यवस्था हव्यात आणि त्या एकमेकींवर अवलंबून नकोत.

सायकलमध्ये अलीकडे एक भारी युक्ती आली. अमेरिकेत मुलांच्या सायकलींवर 'शुअरस्टॉप' नावाचा ब्रेक मिळतो. लिव्हर फक्त मागचा ब्रेक दाबतो. मागच्या ब्रेकचं रबर रिमला टेकलं की फिरतं चाक त्याला थोडं पुढे ओढतं आणि ती ओढ पुढच्या ब्रेकची तार खेचते. गंमत कुठे आहे? मागचं चाक उचलायला लागलं की ती ओढ आपोआप कमी होते आणि पुढचा ब्रेक सैल पडतो. पोरगं हँडलवरून उडत नाही. छातीएवढ्या चाकाच्या जमान्यातल्या त्या भीतीला मिळालेलं हे उत्तर.

हे कुणासाठी?

तुम्ही म्हणाल, आता सायकल चालवतंय कोण? सकाळी गावाबाहेरच्या शाळेच्या रस्त्यावर उभं राहून बघा. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. पाठीवर दप्तर, मागे मैत्रीण, उतार, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर. तिच्यासाठी ब्रेक ही चैन नाही. घरचे तिला शाळेत जाऊ देतात ते सायकल आहे म्हणून, आणि एकदा पडली की पहिली बंद होते ती शाळा.

आणि दुसरे, ज्यांच्याबद्दल आपण बोलतच नाही. मळणी यंत्रात, कडबा कापायच्या मशिनमध्ये हात गेलेली माणसं आपल्या गावांत आहेत. दोन लिव्हरची सायकल त्यांना अर्धीच थांबवता येते. त्यांच्यासाठी एक लिव्हर ही सोय नाही, गरज आहे. दोन तारा ओढणारा लिव्हर बाजारात असतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक आणि मागच्या चाकात पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक. एक हात, एक पाय, दोन चाकं. आणि एक निकामी झाला तरी दुसरा शाबूत.

तर मंडळी, शंभर वर्षांच्या या खटपटीतून मला दिसतं ते एवढंच. लिव्हर एक असला तरी चालेल, भरवसा मात्र एकाच तारेवर नको. आपण तर उलटं करून बसलोय. लिव्हर दोन आहेत आणि भरवसा एकट्या मागच्या ब्रेकवर.

आज एक काम करा. घरातली सायकल काढा, तुमची, बहिणीची, कुणाचीही. हातात धरून चालवा आणि फक्त पुढचा ब्रेक दाबा. चाक थांबत नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात न्या. रबर बदलायला फार पैसे लागत नाहीत. मग मोकळ्या मैदानात, हळू वेगात, दोन्ही ब्रेक एकत्र दाबायची सवय करा. पुढचा हळूहळू, एकदम नाही.

आणि पुढच्या वेळी कुणा पोराला सायकल शिकवाल तेव्हा "पुढचा ब्रेक दाबू नको" असं सांगू नका. "दोन्ही दाब, जपून दाब" असं सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर नीट चालवा, आणि नीट थांबा.