हात थरथरतो, तेव्हा मनाचं काय होतं?

माझे मामू शिंपी होते. उतारवयात त्यांचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, तो आम्ही मान्य केला. काही वर्षांनी ते सुट्टे पैसे मोजताना अडखळू लागले, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले. तेव्हा मात्र आम्ही म्हणालो, "मामू हट्टी झालेत." आजार हाताचा आहे, डोक्याचा नाही, अशी आमची समजूत.

ही समजूत जुनी आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पुस्तिका लिहिली. तिच्यात सहाच रुग्ण होते, त्यातले काही तर रस्त्यात पाहिलेले. बुद्धी शाबूत राहते, असं त्यांनी नोंदवलं. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं आणि मनही दुबळं होतं हे सांगितलं. तरी पहिली समजूत टिकलीच. सिडनीतल्या डॉक्टरांनी रुग्णांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. तेवढी वर्षं जगलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. हे प्रसिद्ध झालं २००८ साली!

असं का होतं? १९९७ साली एका इटालियन घराण्यात अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. २००३ साली असं कुटुंब आढळलं, जिथे या जनुकाच्या दोनऐवजी चार प्रती होत्या. तिथे आजार लवकर येई, स्मृतिभ्रंशही होई. म्हणजे प्रथिन जास्त झालं की मनालाही इजा होते. पण बहुतेक रुग्णांत असा दोष नसतोच. मग?

इथे एपिजेनेटिक्स येतं. हा शब्द वॉडिंग्टन यांनी १९४२ साली रूढ केला. वर्गात मी तो उर्दूवरून समजावतो. उर्दूत 'इस' आणि 'उस' यांची अक्षरं एकच. खाली ज़ेर की वर पेश, यावर वाचन ठरतं. जनुकाची अक्षरंही तीच राहतात, पण त्यांवर मिथाइलच्या खुणा असतात. खुणा असल्या की जनुक बहुधा शांत राहतो. २०१० साली मृत रुग्णांच्या मेंदूत याच जनुकावर खुणा कमी आढळल्या. २०११ साली आणखी एक गोष्ट दिसली. खुणा लावणाऱ्या विकराला हे प्रथिन पेशीकेंद्राबाहेर अडकवून ठेवतं. म्हणजे खुणा कमी, प्रथिन जास्त, मग खुणा आणखी कमी, असं चक्र फिरत असावं.

'असावं' असंच म्हणायला हवं. मृत मेंदू पाहून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. सगळ्या अभ्यासांचे निष्कर्षही जुळत नाहीत. यातून औषध अजून निघालेलं नाही.

मामू आता नाहीत. त्यांचा हट्ट नव्हता, आजार होता, हे मला उशिरा कळलं. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना हाताच्या थरथरीबरोबर विसरण्याबद्दलही सांगा. आणि तोच प्रश्न पुन्हा आला, तर पुन्हा उत्तर द्या.