राखेखालचा ओलावा

आच्छादन म्हटले की आपल्या बागायतदारासमोर येते ते उसाचे पाचट, गवत, पालापाचोळा, नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. पण जिथे गवतही धड उगवत नाही, तिथे झाडाच्या बुंध्याशी घालायचे काय? याचे विलक्षण उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या लांझारोटे या स्पेनच्या बेटावर सापडते. ते कोणा कृषितज्ज्ञाने दिलेले नाही.

हे बेट मुळातच कोरडे. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस. आपल्या दुष्काळी माणदेशातही याहून कितीतरी जास्त पडतो. वारा मात्र अखंड. तरीही तिथे धान्य पिकत असे. १ सप्टेंबर १७३० रोजी रात्री नऊ-दहाच्या सुमारास तिमानफाया गावाजवळ जमीन फाटली. ज्वालामुखीचा हा उद्रेक १७३६ पर्यंत चालला. यायझा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी गावे कशी गडप झाली ते लिहून ठेवले आहे. शेवटी त्यांनाही बेट सोडावे लागले. बेटाचा सुमारे चौथा भाग लाव्ह्याखाली गेला. त्यापलीकडेही दूरवर काळी राख पडली. राख म्हणायचे इतकेच. खरी तर ती बारीक, सच्छिद्र खडी.

लाव्ह्याखालची शेते गेली ती गेलीच. पण खडीचा थर पातळ होता तिथे पिके पूर्वीपेक्षा चांगली येऊ लागली! पावसाचे पाणी खडीतून झरझर खाली उतरते, पण वर येताना अडते. मातीच्या बारीक छिद्रांतून चढणाऱ्या ओलीला खडीतल्या मोठ्या पोकळ्या ओलांडता येत नाहीत. शिवाय ऊन आणि वारा थेट मातीला लागत नाहीत. आपल्या पाचटाचे कामही हेच. फक्त पाचट कुजते, खडी कुजत नाही.

थर जाड तिथे धान्य अशक्यच. ला हेरिया भागातल्या शेतकऱ्यांनी मग जुनी माती लागेपर्यंत नरसाळ्यासारखे खड्डे खणले, काही तर दोन-तीन मीटर खोल. तळाशी द्राक्षाचा वेल किंवा अंजीर आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत. एकेका वेलासाठी एवढा खटाटोप!

मला याहून नवल वाटते ते पुढचे. ज्यांच्या शेतावर खडी पडलीच नव्हती, त्यांनी ती उंटांवर लादून आणली आणि आपल्या रानात वीतभर थर पसरला. ज्या राखेने शेजारची गावे गिळली, तीच ही राख.

हे काम एकदाच करून भागत नाही. वाऱ्याने आलेली माती खडीत मिसळत जाते, पोकळ्या बुजतात आणि काही दशकांनी थर नवा घालावा लागतो. खड्ड्यात यंत्र उतरत नाही. द्राक्षे हातानेच तोडावी लागतात. बेटावर पर्यटन वाढले तशी माणसे हॉटेलांकडे वळली आणि खडीची कितीतरी शेते पडीक राहिली. ला हेरियाचे वेल मात्र अजून उभे आहेत. काळ्या उतारावरचे ते हिरवे ठिपके पाहायला हेच पर्यटक येतात आणि जाताना तिथली वाइन घेऊन जातात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)