ज्ञानगंगा घरोघरी : मुखपाठापासून ऑनलाईन व्याख्यानापर्यंत

जैन दर्शनात बारा तपांपैकी सहा तपे आभ्यंतर मानली आहेत आणि त्यांत स्वाध्यायाची गणना होते. स्वाध्यायाचे पुन्हा पाच प्रकार : वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. तत्त्वार्थसूत्रात परावर्तनेला आम्नाय असे नाव आहे. उपवास ज्याच्या प्रकृतीला झेपत नाही, त्या वृद्धालाही हे तप करता येते. याच कारणाने आपल्या समाजात शिक्षणाला वयाची अट कधी नव्हती. पाठशाळेतील बालक आणि नातवंडे खेळवणारी आजी एकाच सतरंजीवर बसून प्रतिक्रमणाचे पाठ घोकत, हे दृश्य यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद अशा कोणत्याही गावच्या ज्येष्ठांना आठवेल.

ज्ञान साधकाच्या दारी कसे पोहोचावे, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. आगम प्रथम मुखपाठाने जपले गेले. दुष्काळात श्रमण विखुरले, पाठ विसरू लागले, तेव्हा वीरनिर्वाणानंतर 980 वर्षांनी (काहींच्या मते 993) देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वल्लभी येथे श्वेतांबर परंपरेचे आगम ग्रंथारूढ झाले. स्मरणात असलेले ज्ञान लिहून काढावे की नाही, याबद्दल त्या काळी संकोच नव्हता असे नाही. ग्रंथ बाळगणे हाही परिग्रहच, अशी शंका निघत असे. नव्या साधनाविषयी आज जे वाद होतात, त्यांचे मूळ इतके मागे जाते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. दारव्ह्याहून फार दूर नसलेल्या कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची मंदिरे आणि हस्तलिखितांचे भांडार आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी तेथील अपभ्रंश ग्रंथ संपादित करून प्रकाशात आणले. त्याहून मोठे कार्य षट्खंडागमाचे. धवला टीकेसह हा ग्रंथ शतकानुशतके दक्षिणेत मूडबिद्री येथे ताडपत्रावर, जुन्या कन्नड लिपीत, बंदिस्त होता. भाविक दुरून त्याचे दर्शन घेत, वाचणारे विरळाच. 1939 साली त्याचा पहिला भाग हिंदी अनुवादासह अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. शास्त्र छापल्याने त्याची आशातना होते, असा आक्षेप घेणारी मंडळी त्या पिढीतही होती. आज ते भाग ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत आणि कोणीही जिज्ञासू ते उघडू शकतो.

आता परीक्षांविषयी. आचार्यसम्राट पूज्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने पाथर्डी (आता अहिल्यानगर जिल्हा) येथे श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. या बोर्डाचे खरे ऋण आपल्या माता-भगिनींवर आहे. ज्यांचे शालेय शिक्षण चौथी-पाचवीत थांबले, अशा कित्येक श्राविका दुपारची झाकपाक आटोपून पुस्तक उघडत आणि गावच्या केंद्रावर परीक्षेस बसत. प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलेले असे. सोलापूरच्या श्राविकाश्रमात सुमतीबाई शहा यांनी उभारलेले कार्य आणि पुण्यात सन्मति-तीर्थने चालवलेले प्राकृत व जैनविद्येचे वर्ग याच परंपरेतले. चूल सांभाळून शिकणाऱ्या बाईला विद्वान होता येते, हे या संस्थांनी दाखवून दिले.

लहान गावांची अडचण वेगळी होती. संत-सतींचा चातुर्मास प्रत्येक गावाला दरवर्षी कसा लाभणार? शेषकाळातील आठ महिने तर विहारात दोन-चार दिवसांचा मुक्काम, एवढाच योग. त्यावर उपाय म्हणून पर्युषणात गावोगावी स्वाध्यायी बंधू-भगिनी पाठवण्याची पद्धत रूढ झाली. स्वाध्यायी आठ दिवस शास्त्रवाचन करीत, शंकांना उत्तरे देत आणि संवत्सरीचे प्रतिक्रमण करवून निघून जात. मग वर्षभर पुन्हा शांतता!

आपल्या ट्रस्टचा जन्म 1974-75 च्या, भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या वातावरणातला. त्याच काळात पवनारच्या आश्रमातून आचार्य विनोबांनी आग्रह धरला आणि चारही संप्रदायांना मान्य असा 756 गाथांचा ‘समणसुत्तं’ ग्रंथ सिद्ध झाला. एक ग्रंथ सर्वांच्या घरी असावा, ही त्यामागची दृष्टी. संस्थापक मंडळींनी उपाश्रयाच्या बांधकामाबरोबर वाचनालयाचाही विचार केला, तो याच हवेत.

समाजाबाहेरही प्रवाह तोच होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 पासून वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे अशा व्याख्यानमाला महाराष्ट्राच्या गावोगावी निघाल्या. 1984 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसू लागले. 1985 साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि 1989 साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. 1991 मध्ये लाडनूंच्या जैन विश्व भारतीला मानित विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पत्राचाराने जैनविद्या शिकण्याची सोय झाली. पुढे धार्मिक वाहिन्या आल्या आणि प्रवचन दिवाणखान्यात आले. तथापि या सर्वांत एक उणीव होती. वाचना मिळाली, धर्मकथा मिळाली, पण घरी बसलेल्याच्या वाट्याला पृच्छना आली नाही. पडद्यावरच्या वक्त्याला हात जोडता येतात, प्रश्न विचारता येत नाही. मुनिश्री प्रमाणसागरजी महाराजांचा ‘शंका समाधान’ हा कार्यक्रम एवढा लोकप्रिय झाला, याचे रहस्य त्यातील प्रश्नोत्तरांतच आहे.

ही उणीव भरून निघाली ती संकटाच्या काळात. मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली. 6 एप्रिलची महावीर जयंती मिरवणुकीविना गेली. 26 एप्रिलच्या अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे घरातल्या घरात झाले. (आम्हा कापडवाल्यांची लग्नसराईही त्याच तृतीयेबरोबर गेली, पण तो विषय येथे नको.) पर्युषणात 21 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अखेरच्या दोन दिवसांसाठी परवानगी दिली, ती मुंबईच्या दादर, भायखळा व चेंबूर येथील मंदिरांपुरती. आपल्या जिल्ह्याचे दरवाजे बंदच राहिले. राज्यातील धर्मस्थळे 16 नोव्हेंबर 2020 ला उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेस, पुन्हा खुली झाली.

या दीड वर्षात झूमसारख्या साधनांवर थेट व्याख्याने सुरू झाली. गंमत अशी की त्याची विनामूल्य सभा 40 मिनिटांत आपोआप बंद होत असे आणि सामायिक असते 48 मिनिटांचे! ऐन विवेचनात पडदा काळा होई व सर्वांची पुन्हा जोडणी करण्याची धांदल उडे. तरीही पांढरकवड्याची काकू, पुण्याचा मुलगा आणि अमेरिकेतली लेक एकाच वर्गात बसू लागली. आपल्याकडे रात्रीचे आठ, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा. सासरी गेलेल्या मुलीने माहेरच्या स्वाध्यायात प्रश्न विचारावा, असे पूर्वी घडले नव्हते. गुडघ्यांनी ज्यांचा उपाश्रयाचा जिना बंद केला होता, त्या वृद्धांना तर हे वरदानच वाटले.

आक्षेपही आले आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. विद्युत् ही तेउकाय; तिचा स्पर्श सामायिकात वर्ज्य. मग हातात मोबाईल धरून ऐकलेले व्याख्यान सामायिकात कसे धरावे? साधू-साध्वींनी यंत्रासमोर बसावे का? हा वाद ध्वनिवर्धकाच्या वेळी झाला. 1970 मध्ये चित्रभानूजी व 1975 मध्ये सुशीलकुमारजी परदेशी गेले, तेव्हाही झाला. आचार्य तुलसींनी 1980 मध्ये समण श्रेणी स्थापन केली; समण-समणींना वाहनाची मोकळीक देऊन साधूंची मर्यादा त्यांनी अबाधित ठेवली. माझ्या मते याच धर्तीवर तोडगा निघतो. पंचमहाव्रतधारींना कॅमेऱ्यासमोर बसण्याचा आग्रह कोणी करू नये. व्याख्यान गृहस्थ विद्वानांनी व समणीजींनी द्यावे. सामायिक, प्रतिक्रमण, आलोचना या क्रिया उपाश्रयात किंवा घरी मोबाईल दूर ठेवूनच कराव्यात. ऑनलाईन वर्ग हा स्वाध्याय आहे, क्रियेचा पर्याय नव्हे.

दुसरी चिंता मला अधिक गंभीर वाटते. धर्मस्थळे उघडल्यानंतरही काही सशक्त मंडळी घरूनच ऐकण्यात समाधान मानू लागली. उपाश्रयात जाजम तेवढेच, बसणारे कमी. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी घरी बसून ऐकावे, यासाठी ही सोय नव्हती. पण म्हणून ती बंद करावी, ही काही ज्येष्ठ सदस्यांची सूचना मला मान्य नाही. बंद केल्याने तरुण उपाश्रयात येतील याची खात्री नाही. अंथरुणाला खिळलेल्या श्राविकेचा वर्ग मात्र नक्की सुटेल. उपाश्रयातच वर्ग भरवून तेथूनच तो घरोघरी दाखवावा, प्रथम समोर बसलेल्यांचे प्रश्न घ्यावेत आणि मग दूरच्यांचे, असा प्रस्ताव ट्रस्टच्या सभेपुढे आहे. चातुर्मासापूर्वी त्यावर निर्णय व्हावयाचा आहे.