पागेची बेगमी

आमच्या चिपळूण भागात वैशाख सरत आला की घरोघर एकच घाई असते: शाकारणी, लाकूडफाटा, पेंढ्याची उडवी नीट झाकणं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि एकदा भिजून कुजलेल्या पेंढ्याला बैलही तोंड लावत नाही. शिवाजी महाराजांनी इथल्या पागेला, म्हणजे सरकारी घोडदळाला, लिहिलेलं पत्र मी त्यामुळेच गोठेवाल्याच्या नजरेने वाचतो.

हे पत्र 1674 च्या राज्याभिषेकाच्या थोडं आधीचं. चिपळुणाजवळ छावणी करून राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना ते लिहिलं आहे. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी साठा केला होता, पण लष्कराचा तळ पडल्यामुळे त्यातला बराचसा आधीच संपला होता. मग गडोगडीचा गल्ला देववून कशीबशी बेगमी उभी केली. असेल तोवर मनमुराद चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं महाराज स्पष्ट बजावतात.

हिशेब करून पाहावा. मध्यम चणीचा घोडा दिवसाला सहा-सात किलो सुका चारा खातो. चार महिन्यांचे झाले सात-आठ क्विंटल. महाराजांची हकीगत सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार आणि पाच हवालदारांचा एक जुमला. म्हणजे एकाच जुमल्याच्या सव्वाशे घोड्यांना नऊशे क्विंटलांच्या घरात गवत लागणार, तेही कोरडं. दाणा वेगळाच. बाहेर रान हिरवंगार असलं तरी नुसत्या कोवळ्या, पाणीदार गवतावर कामाचा घोडा उभा राहत नाही.

साठा संपला की शिपाई कुणब्याच्या दारात जाणार. कुणी दाणे उचलील, कुणी भाकर, कुणी फाटे, कुणी भाजी. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत, ते मग गाव सोडतील आणि तुम्ही मोगलांहून वाईट ठराल, हेही पत्रात आहे. हवं ते बाजारातून विकत आणा, कारकून मापून देतील तो रातीब घ्या, कोठारात घुसू नका. घोड्यांना रोजचं रोज मिळत राहून ती हळूहळू धष्टपुष्ट व्हायला हवीत.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आगीचा भाग. माणसं खणांत, म्हणजे गवती छपरांच्या खोपटांत राहत होती आणि जवळच गवताच्या गंजी रचलेल्या होत्या. कुणी भलत्या जागी चूल मांडील, कुणी शेकोटी पेटवील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल आणि वारा कुठला आहे हे पाहणार नाही. रात्री दिवा तेवत असेल तर उंदीर जळती वात ओढून नेईल. एका खणाने पेट घेतला की सगळे खण जातील, गंजी जातील. नंतर कुणाला कितीही शिक्षा केली तरी पुन्हा खण उभारायला एक लाकूड मिळायचं नाही. म्हणून खाशा मंडळींनी स्वतः फिरून लक्ष ठेवावं, असा हुकूम आहे. उंदराने वात नेण्याची भीती कुण्या दरबारी माणसाला सुचत नाही. ज्याने गवताच्या छपराखाली रात्री काढल्या आहेत, त्यालाच ती सुचते.

सभासद छावणीचा सर्वसाधारण रिवाजही सांगतो. लष्कर पावसाळ्यात मुलखात परतायचं. त्याआधीच दाणा, रातीब, औषधं तयार ठेवायची आणि घोड्यांसाठी, माणसांसाठी घरं शाकारून ठेवायची. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीने पाणी आणणारा, आणि एक नालबंद असे. चिखलात उभ्या राहणाऱ्या जनावराचे खूर लवकर सडतात, तेव्हा नालबंदाला या चार महिन्यांत उसंत मिळत नसणार.

दसरा झाला की लष्कर कूच करायचं. निघताना ज्याच्या त्याच्या चीजवस्तूची यादी होई. तोवर डोंगरउतारावरचं गवत पिकून कापणीला आलेलं असतं; पुढच्या वर्षाच्या गंजी त्यातूनच रचायच्या.