आकाशातला चष्मा

स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी लोणच्याची कृती देणार होते. परंतु गेल्या वर्षी आपल्या मंडळात आकाशातील दुर्बिणींवर व्याख्यान झाले, नंतर मुलीने आणलेली दोन पुस्तके दुपारची कामे आवरून मी वाचली, आणि तोच विषय मनात घोळत राहिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूकभूल पदरात घ्यावी.

तारे लुकलुकतात असे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. खरे पाहता लुकलुकते ती आपल्या डोक्यावरची हवा. पेटत्या चुलीवरून पलीकडची भिंत हलल्यासारखी दिसते, तसेच हे. त्यामुळे दुर्बीण कितीही मोठी केली तरी चित्र थोडे थरथरतेच. शिवाय काही किरण हवा खाली येऊच देत नाही. म्हणून दुर्बीणच हवेच्या वर नेऊन ठेवावी, असे अमेरिकेतील लायमन स्पिट्झर यांनी १९४६ साली लिहिले. त्या वेळी एकही उपग्रह आकाशात गेलेला नव्हता! पहिला गेला १९५७ साली.

हे स्वप्न कागदावरून खाली उतरवण्यात एका बाईचा मोठा हात आहे. तिचे नाव नॅन्सी ग्रेस रोमन. अकराव्या वर्षी तिने मैत्रिणी जमवून तारे पाहण्याचा संघ काढला होता. (मंडळच म्हणा ना!) पुढे शाळेत तिने लॅटिनऐवजी बीजगणित मागितले, तेव्हा सल्ला देणाऱ्या बाईंनीच नाक मुरडले, की मुलीच्या जातीला हे कशाला? हे वाचले आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ तशीच बसले. आमच्या घरीही हेच शब्द उच्चारले गेले होते, आणि बोलणारी माझी आत्याच होती.

१९५९ साली रोमनबाई ‘नासा’त आल्या आणि तेथील खगोलशास्त्राच्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९६६ साली पाठवलेली पहिली दुर्बीण थोड्याच दिवसांत बंद पडली. १९६८ सालची मात्र चांगली चालली. मोठ्या दुर्बिणीसाठी पैसे मागताना त्या सांगत, की माणशी एका सिनेमाच्या तिकिटाइतका खर्च येईल आणि शोध वर्षानुवर्षे मिळतील. घरखर्च सांभाळणाऱ्या बाईला हा हिशेब लगेच कळतो. तरी १९७४ साली पैसे नाकारले गेले, आरसा लहान करावा लागला, आणि १९७७ साली कुठे मंजुरी मिळाली.

२४ एप्रिल १९९० रोजी ‘हबल’ दुर्बीण ‘डिस्कव्हरी’ यानातून वर गेली. त्याच एप्रिलमध्ये मी सातवीची परीक्षा दिली आणि माझी शाळा सुटली. असो.

हबलची पहिली चित्रे आली, ती अंधुक! सगळीकडे हसे झाले. २.४ मीटरचा आरसा, आणि त्याची कडा केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी जास्त सपाट झालेली. घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. आरसा तपासण्याच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेले होते, म्हणून चुकीच्या मापाबरहुकूम आरसा अगदी अचूक घासला गेला. दुसऱ्या साध्या उपकरणांनी चूक दाखवलीही होती. परंतु भारी उपकरणापुढे त्यांचे कोणी ऐकले नाही.

मला यात नवल वाटले नाही. माझ्या पहिल्या चष्म्याचा नंबर बरोबर होता, पण दुकानदाराने दोन डोळ्यांमधले अंतर चुकीचे मोजले. सहा महिने सुईत दोरा ओवताना डोके उठायचे, आणि घरात सगळे म्हणायचे, सवय होईल!

हबललाही चष्माच लावला. नाण्याएवढ्या आरशांच्या पाच जोड्या केल्या, आणि डिसेंबर १९९३ मध्ये सात अंतराळवीर ‘एंडेव्हर’ यानातून वर गेले. पाच वेळा बाहेर पडून त्यांनी दुरुस्ती केली. त्यांत कॅथरिन थॉर्नटन ही बाई होती. वाकलेला सौरपंखा तिने दोन्ही हातांनी धरून अंतराळात सोडून दिला. चित्रे स्वच्छ झाली.

मग डिसेंबर १९९५ मध्ये, सप्तर्षींच्या प्रदेशात जिथे काहीच दिसत नव्हते, अशा एका ठिपक्याएवढ्या जागेकडे हबल दहा दिवस रोखून धरली. वेळ वाया जाईल असे जाणकार म्हणत होते. त्या एवढ्याशा काळोखात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा एकेक संसार. हे वाचताना गॅसवरचे दूध उतू गेले, ते खोटे कशाला सांगू?

२०१५ साली आपल्या देशाने ‘ॲस्ट्रोसॅट’ ही दुर्बीण श्रीहरिकोट्याहून सोडली. तिची काही उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. २०२१ च्या नाताळात ‘जेम्स वेब’ गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या अठरा षट्कोनी आरशांची, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर. तिथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही, म्हणून या वेळी मापे फार जपून घेतली म्हणतात. रोमनबाई २०१८ च्या नाताळच्या दिवशीच वारल्या. २०२० साली एका नव्या दुर्बिणीला त्यांचे नाव दिले गेले.

वैशाखात आम्ही गच्चीवर झोपतो. लग्नात भटजींनी दाखवलेली अरुंधती त्या दिवशी मला दिसली नव्हती. दिसली म्हणून मान हलवली होती. आता चष्मा लावला की वसिष्ठाशेजारी ती नीट दिसते. सासूबाईंना दिसत नाही. मी बोट दाखवते, त्या दिशेला त्या हात जोडतात.