कलम आणि खुंट

पेडणे-डिचोलीच्या बागांतून आंब्याचे कलम खुंटाशी एकजीव होते. अस्थिमज्जेचे कलम मात्र खुंटावरच उलटू शकते. दात्याच्या रक्षकपेशी रोग्याची त्वचा, यकृत व आतडी परकी मानून त्यांवर तुटून पडतात. १९७९ साली अमेरिकेतील सिॲटलच्या वैद्यांनी या कलहाची दुसरी बाजू दाखविली: ज्यांना तो जडला, त्यांच्यात रक्ताचा कर्करोग कमी प्रमाणात पुन्हा उद्भवला. तेथेच ही विद्या शिकलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात एका बालिकेस तिच्या भावाची मज्जा देऊन भारतातील पहिले यशस्वी रोपण केले. सख्ख्या भावंडांची मज्जा जुळली, तरी कलह टळतोच असे नाही. तो अनावर झाला तर प्राण घेतो. पुरता दडपला तर रोगजंतू आणि जुना कर्करोग डोके वर काढतात. या दोहोंमधील अरुंद बांधावरून रोग्यास सुखरूप पलीकडे नेणे, हेच या विद्येचे खरे कसब होय.